ओझ्यासकट माप

माझी मुलगी अनिता नायगावला राहते. स्टेशनजवळ खाडीच्या बाजूला ज्या उंच इमारती उठल्या आहेत, त्यातल्या एकीत. गेल्या वर्षापासून तिला सायकलीचं वेड लागलं आहे. दर रविवारी ती आणि तिच्या मैत्रिणी हेल्मेट घालून आमच्या गास गावच्या रस्त्यानं समुद्राकडे जातात, आणि परतताना ती माझ्याकडे चहाला थांबते. परवा आली ती मनगटं चोळतच. "मम्मी, स्टेम चेंज करावा लागणार," म्हणाली, "हा मला लांब पडतोय." मी विचारलं, स्टेम म्हणजे काय गं बाई? तिनं हँडलच्या मध्यावर बोट ठेवलं. हँडल ज्या पुढे आलेल्या तुकड्याला धरून बसतं आणि जो तुकडा खाली, पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याच्या नळीत उतरतो, तो. आम्ही त्याला नुसता दांडा म्हणायचो. तिच्या फोनवर दांड्यांची रांगच होती, आखूड, लांब, वर तोंड केलेले, खाली वाकलेले. त्यातला कुठला घ्यावा याबद्दल तिनं चार जणांचं मत घेतलं होतं आणि चौघांनी चार दांडे सांगितले होते. मी तिला पोहे दिले. मी आयुष्यभर शाळेत मराठी शिकवलं, सायकलीतलं मला काय कळणार, असा तिचा समज आहे. तो खोटाही नाही. पण एका दांड्याबद्दल मला जे ठाऊक आहे ते मी तिला कधी सांगितलं नव्हतं. ते इथे लिहून ठेवते.

आमचं घर तेव्हा वाडीच्या टोकाला होतं. पुढे विहीर, विहिरीपासून निघालेले पाट, आणि पाटांच्या दोन्ही अंगाला केळी. केळीच्या वाडीत वारा शिरला की पानं फडफडतात, आणि तो आवाज इतका सारखा कानावर असायचा की तो थांबला तरच आम्ही मान वर करून बघायचो. पहाटे चर्चची घंटा व्हायची आणि तिच्या आधी आयच्या चुलीचा धूर घरभर व्हायचा. सकाळी पेज, तिच्यासोबत भाजलेला सुका बोंबील, दुपारी तांदळाची भाकर आणि वाडीतलीच कसलीतरी भाजी. आय, बा, मी आणि माझी दोन धाकटी भावंडं एवढेच आम्ही. बाचं नाव इनास. माझं सेलीन, पण बाच्या तोंडी ते 'सेले' व्हायचं, आणि रागावला तरी त्याला दुसरी हाक यायची नाही. बा फार बोलणारा नव्हता. संध्याकाळची रोझरी सुद्धा तो इतक्या हळू म्हणायचा की आय मधेच त्याला कोपरानं ढोसायची, देवाला तरी ऐकू जाऊ दे म्हणून.

आमचं सगळं चालायचं ते बाच्या सायकलीवर. वाडीत घड उतरवायचे, केळीच्या फण्या बांबूच्या दोन मोठ्या हाऱ्यांत रचायच्या, वर ओलं पान टाकायचं, हारे कॅरियरच्या दोन्ही बाजूंना बांधायचे आणि सोपाऱ्याच्या बाजारात न्यायचे. तिथे माझी मावशी बसायची, तिच्यापुढे माल उतरवायचा. आमच्या घरापासून डांबरी रस्त्यापर्यंतची वाट सगळी रेतीची. तिथे भरलेली सायकल चालवता यायची नाही, ढकलतच न्यावी लागायची. डावा हात हँडलला, उजवा हात सीटच्या मागे, आणि अंग पुढे झुकलेलं. वाट संपते तिथे ओहोळावर बांधलेली एक मोरी होती आणि मोरीवर चढ. मी रोज मागून हारे धरून तिथपर्यंत जायचे. चढ चढून रस्ता लागला की बा टांग टाकायचा आणि मी घरी येऊन शाळेची तयारी करायचे. सायकल परदेशी बनावटीची, जुनी, कुणा पारशी शेठच्या बंगल्यातून हात बदलत बाच्या हाती आलेली. त्या वेळच्या काळ्या देशी सायकलींचं हँडल आणि दांडा एकाच तुकड्याचे असायचे. बाच्या सायकलीचा दांडा वेगळा होता, बोल्ट सैल केला की बाहेर निघायचा. या गोष्टीचं कौतुक बा येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायचा. पुढे त्याचाच उपयोग करावा लागेल असं कुणाच्या मनात नव्हतं.

मी अकरावीला, म्हणजे तेव्हाच्या मॅट्रिकच्या वर्गात जायच्या आधीच्या उन्हाळ्यात बा नारळाच्या झाडाला लावलेल्या शिडीवरून पडला. पाटाच्या दगडी काठावर डावा हात खाली आला. हाडवैद्यानं बांबूच्या कामट्या लावून हात बांधला, आयनं तेल कढवून लावलं, बरेच दिवस गेले. हात बरा झाला, पण सरळ झाला नाही. कोपर वाकलेलंच राहिलं. बाला घास घेता येत होता, कोयता धरता येत होता, क्रूसाची खूण तर तो उजव्याच हातानं करायचा. सायकल तेवढी जमेना. दांडा लांब होता, हँडल पुढे होतं, आणि डावा हात तिथवर पोचवायचा तर बाला खांदा पुढे टाकून अंग पिळावं लागायचं. मग सायकल डावीकडे ओढायची. ते महिने आयनं माल डोक्यावरून नेला. शाळा सुरू झाली तशी मीही पहाटे तिच्यासोबत एक टोपली घेऊन जायचे, पायी जायचं, पायी यायचं, आणि शाळेत पोचायचे तेव्हा पहिला तास संपत आलेला असायचा. बाईंनी आधी कारण विचारलं, मग विचारणं सोडून दिलं. ते विचारणं थांबलं त्याचं मला जास्त वाईट वाटलं.

बाचा मोठा भाऊ दुमिंगकाका शेजारीच राहायचा. एका संध्याकाळी ओटीवर बसून त्यानं सरळ विषय काढला. "इनास, पोरीला शाळेतून काढ. बायकोची मान मोडंल अशानं. मॅट्रिक होऊन ती काय करनार हाय?" आय आत भाकऱ्या थापत होती, तिचे हात थांबले तेवढं मला ऐकू आलं. काका दुष्ट नव्हता. त्याच्या दोन्ही मुली अशाच घरी बसल्या होत्या आणि दोघींचं बरं चाललं होतं. तो त्याच्या परीनं मार्ग सांगत होता. पण मी त्या रात्री भूगोलाचं पुस्तक उशीखाली घेऊन झोपले, कुणी ते न्यायला येणार असल्यासारखी. दोनच वाटा होत्या, बा पुन्हा सायकलीवर बसला पाहिजे किंवा मी शाळा सोडली पाहिजे. घरातल्या प्रत्येकाला हे कळत होतं.

सोपाऱ्याला स्टेशनच्या रस्त्यावर महादेव नावाच्या कोकणातल्या माणसाचं सायकलींचं दुकान होतं. बा त्याच्याकडे गेला. महादेवची माप घ्यायची एक रीत होती. सीटच्या टोकाला कोपर टेकवायचं आणि हात हँडलकडे लांब करायचा. बोटं हँडलला लागली तर दांडा बरोबर, मधे जागा राहिली तर लांब, बोटं पुढे गेली तर आखूड. सगळे याच रीतीनं बघायचे आणि ते बहुतेकदा खरं निघायचं. बाचा वाकडा हात धरून त्यानं हेच केलं, कोपर उघडत नाही म्हणून आणखी थोडं कमी धरलं, आणि मग डब्यातून एक आखूड, उंच मानेचा दांडा काढला. "हा बसवा, इनासभाऊ. हँडल आपणहून तुमच्याकडे येईल." जुना दांडा हातोडीच्या दोन ठोक्यांनी सुटला, नवा बसला. तो शनिवार होता.

रविवारी चर्चमध्ये मिस्सा झाल्यावर अर्धा गाव आमच्या अंगणात. बानं इस्त्रीचा सदरा न बदलताच सायकल बाहेर काढली, टांग टाकली, आणि विहिरीभोवती दोन फेऱ्या मारल्या. हँडल खरंच त्याच्यापाशी आलं होतं. वाकडं कोपर आरामात होतं, पाठ ताठ. तो खुर्चीत बसल्यासारखा सायकलीवर बसला होता आणि हसत होता. मुलं मागे धावली. आयनं फुगे तळले, पिठाचे गोळे तेलात टाकले की टम्म फुगतात ते, आणि सणासारखे सगळ्यांना वाटले. दुमिंगकाकानंही दोन उचलले आणि म्हणाला, "चला, झालं एकदाचं." मी घरात जाऊन माझं दप्तर भरलं. इतका आनंद मला त्यानंतर माझ्या लग्नाच्या दिवशी सुद्धा झाला नाही. हे माझ्या नवऱ्याला मी सांगितलं होतं, तो बिचारा हसला होता.

आमच्यात रविवारी काम करत नाहीत. वाडीत पाणी सोडत नाहीत, घड उतरवत नाहीत, आणि सायकलीवर ओझं तर नाहीच नाही. लहानपणापासून इतकं अंगात मुरलेलं की त्या दिवशी अंगणात एवढी माणसं होती, सगळी हारे वाहणारी, कुणाच्या पाठीला घट्टे तर कुणाच्या हाताला, पण एकालाही वाटलं नाही की रिकामी सायकल बघून काही कळत नसतं. मंगळवार असता तर पहिल्या पोरानं विचारलं असतं, हारे कुठे आहेत?

सोमवारी हारे भरले. रेतीतून ढकलतानाच काहीतरी चुकतंय असं वाटत होतं, पण रेतीत सायकल नेहमीच रुसते. मोरीचा चढ चढलो, बानं टांग टाकली. मागे दोन हाऱ्यांचं वजन, आणि आखूड दांड्यामुळे बाचं सगळं अंगही मागेच. पुढचं चाक हलकं झालं. मी बघत होते. हँडल एकदा इकडे गेलं, एकदा तिकडे, बानं ते सावरायला डाव्या हातानं जोर लावला आणि त्या हातात जोर नव्हता. सायकल आडवी झाली. केळी रस्त्यावर पसरली. दूधवाले थांबले, भाजीवाल्या थांबल्या, सगळ्यांनी मिळून फण्या गोळा केल्या. बाला खरचटलं होतं, बाकी काही नाही. तो मोरीच्या कठड्यावर बसून हँडलकडे बघत राहिला. मग म्हणाला, "रविवारी बघितलं आपन. ओझं कुठं होतं?" आवाजात राग नव्हता. मी त्याच्या गुडघ्यावरची माती पुसत होते आणि मला एवढं रडू येत होतं की माझं नाक त्याच्या धोतराला लागलं. बाला लागलं म्हणून ते रडू होतं आणि माझ्या शाळेसाठीही होतं. त्यात जास्त कशासाठी होतं ते मी आजही ठरवू शकत नाही.

पुढचे दिवस घरात कुणी सायकलीचं नाव काढलं नाही. आय पुन्हा माल डोक्यावर घेऊन निघाली, मी तिच्या मागे. बा वाडीत असायचा, संध्याकाळी सायकल गोठ्यातून काढून तिला पुसायचा आणि परत ठेवायचा. एकदा मी त्याला सायकलीच्या बाजूला उभं राहून नुसतं हँडल धरलेलं पाहिलं. कुठे जायचं नसताना माणूस असं हँडल का धरतो, ते मला तेव्हा कळलं नाही. मग एका बुधवारी जेवताना तो म्हणाला, "सेले, उद्या शाळंत जाऊ नको. माझ्याबरोबर चल." आयनं माझ्याकडे बघितलं नाही, तिनं माझ्या ताटात आणखी एक बोंबील वाढला. मी समजले. पुस्तकं एकावर एक रचून, दोरीनं बांधून कोपऱ्यात ठेवली, काकाच्या नातवंडांना पुढे कधी उपयोगी पडतील म्हणून.

सकाळी बानं हारे भरले आणि सायकलीवर बांधले. आम्ही दोघं ती ढकलत निघालो, रेतीतून, मोरीवरून, डांबरी रस्त्यानं, सगळी वाट पायी. बाजाराकडे न वळता बा महादेवच्या दुकानापुढे थांबला. महादेवला पडल्याची बातमी आधीच कळली होती, त्याला वाईट वाटत होतं. "दांडा बदलून देतो, इनासभाऊ," तो म्हणाला, "तुम्ही आधी ओझं उतरवा, मग नीट माप घेऊ."

"नाय," बा म्हणाला. "ओझ्यासकट बघायचं."

"बरं, तसं बघू. द्या हात." महादेवनं बाचा वाकडा हात धरायला आपला हात पुढे केला. बानं तो मागे घेतला आणि माझं मनगट धरून मला पुढे केलं.

"माझा नको. हिचा घे."

महादेव माझ्याकडे बघत राहिला, मग बाच्या तोंडाकडे. "पोरगी चालवणार? ओझं घेऊन?"

"लहानपनापासून नळीखालनं पाय घालून कैची मारते ती, आता सीटवर बसून पाय पुरतात. एक हारा नेईल. माल उतरवील आनि तिथनं शाळंत जाईल. वेळेवर जाईल." बा माझ्याशी बोलत नव्हता, महादेवशीच बोलत होता, पण इतकं सलग बोलताना मी त्याला त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

"आणि तुम्ही?"

"मी चालीन," बा म्हणाला.

महादेवनं सीट खाली केली. आधी जुना लांब दांडा लावला. मी बसले, हात पोचले, पण खांदे ओढले गेले आणि मान वर करून रस्ता बघावा लागला. मग तो आखूड, बाला पाडणारा. त्यावर बसायला छान वाटत होतं, आणि बानं मागचा हारा नुसता हलवला तशी माझ्या हातातलं हँडल फिरलं. तिसरा दांडा डब्याच्या तळाशी होता, मधल्या लांबीचा, मान थोडी खाली. कोपराच्या मापानं तो मला चार बोटं लांब पडत होता, महादेवनं तसं सांगितलंही. बा म्हणाला, राहू दे, बसव. त्यानं एक हारा उतरवला, एक कॅरियरवर मधोमध बांधला, आणि दुकानामागच्या बोळात मला चालवायला लावलं. स्वतः सीटच्या मागे हात लावून बाजूनं पळत होता. थोडं पुढे झुकावं लागत होतं, त्यामुळे माझं अंग पुढच्या चाकावर येत होतं आणि चाक जमिनीला धरून होतं. ओझं मागून ढकलत होतं, मी पुढून धरत होते. मी म्हटलं, "बा, हा नीट आहे." महादेवनं बोल्ट आवळला आणि बानं पाना आपल्या हातात घेऊन तो पुन्हा एकदा आवळला.

घरी आयनं आकाश-पाताळ एक केलं. गावात तोवर कुणा पोरीनं हारा बांधून सायकल बाजारात नेली नव्हती. लोक काय म्हणतील, फ्रॉक घालून त्या आडव्या नळीवरून टांग टाकणार का ही, पडली आणि हात मोडला तर हिला बायको कोण करील? दुमिंगकाका तिच्या बाजूला. बा विहिरीवर पाय धुवायला गेला. ते दोन दिवस आय कुणाशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिनं बाची जुनी विजार उसवली, माझ्या मापानं कापली आणि फ्रॉकखाली घालायला शिवून दिली. माझ्या अंगावर ती फेकतच म्हणाली, "घाल. आनि लवकर ये घरी." माझ्या वर्गातल्या मुली त्या विजारीला बरंच काही बोलल्या. मीही त्यांना बरंच काही बोलले. मी वेळेवर येत होते, त्यामुळे बोलायला भरपूर वेळ होता.

तो दांडा त्या सायकलीवर शेवटपर्यंत राहिला. मी मॅट्रिक झाले, पुढे शिक्षिका झाले, धाकटी दोघंही त्याच सायकलीनं शिकली. बा त्या दिवसानंतर सायकलीवर बसला नाही. उरलेला माल तो एका खांद्यावर घेऊन पायी नेत असे. मी त्याला कधी विचारलं नाही, तुला वाईट वाटलं का. आमच्या घरात असले प्रश्न कुणी विचारत नसे.

पहिली सकाळ मात्र मला स्वच्छ आठवते. रेतीतून आम्ही दोघांनी सायकल नेली. तोवर मी मागून धरायचे, त्या दिवशी हँडल माझ्या हातात होतं आणि हारा धरून बा मागे. मोरीचा चढ चढलो. मी टांग टाकली, डगमगले, बाचा हात सीटच्या मागे होता तो मला जाणवत होता. तो बाजूनं चालू लागला, मग पळू लागला. त्याचा श्वास ऐकू येत होता. मी वळून त्याच्याकडे बघणार, तेवढ्यात तो ओरडला, "मागं बघू नको, सेले! मान वळली की हँडल वळतं. पुढं बघ!"

सीटच्या मागचा हात कधी सुटला ते मला कळलं. मी पुढे बघत राहिले, बाजार येईपर्यंत. म्हणून तेव्हा बाचा चेहरा कसा झाला होता, ते मी पाहिलेलं नाही.